दोन कार्डांचा भ्रम आता पुरे

“आहे तेच कार्ड आणखी एक घे आणि शेजारी लाव, वेग दुप्पट होईल.” गेमिंगचा पीसी अपग्रेड करायला निघालेल्या मुलांना हा सल्ला आजही मिळतो. दुकानात मिळतो, हॉस्टेलच्या खोलीत मिळतो, दहा वर्षांपूर्वी स्वतः दोन कार्डं लावून मिरवलेल्या एखाद्या दादाकडून मिळतो. सांगणाऱ्याचा सूर इतका ठाम असतो, की ऐकणाऱ्याला शंका विचारायचीही लाज वाटावी. मला या सल्ल्याची चीड आहे, कारण देणाऱ्याचा त्यात एक पैसाही जात नाही. जातात ते पहिल्या पगारातून नाहीतर शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे, किंवा मुलाच्या हट्टापुढे हात टेकून आईने बोनसमधून काढून दिलेले.

या मंडळींचं म्हणणं त्यांच्याच जोरात मांडतो, म्हणजे मागाहून तक्रार नको. ते म्हणतात: जुनं कार्ड विकायला गेलं तर मातीमोल भाव येतो आणि तेच मॉडेल सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळतं, मग नव्या कार्डासाठी खिसा रिकामा कशाला करायचा? मदरबोर्डवर दुसरा लांब स्लॉट दिलाय तो काय शोभेला? दोन कार्डांची मेमरी मिळून दुप्पट होते. बेंचमार्कमध्ये ऐंशी-नव्वद टक्के वाढ दिसते, ते आकडे काय खोटे? आणि एखाद्या गेममध्ये फायदा दिसला नाही, तर दोष गेम बनवणाऱ्यांच्या आळसाचा. आज ना उद्या ते सुधारतील. हे सगळं ऐकल्यावर एकच चांगलं कार्ड घेणारा माणूसच उधळ्या ठरतो. आता यातला एकेक मुद्दा तपासू.

मूळ कल्पनेत खोट नव्हती, एवढं मान्य करतो. १९९८मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू २ हे कार्ड आलं. अशी दोन कार्डं जोडली की एक कार्ड चित्राच्या सम ओळी काढायचं, दुसरं विषम. एकट्या कार्डाची मजल ८०० बाय ६००पर्यंत होती, जोडीची १०२४ बाय ७६८पर्यंत जायची. पुढे ही कंपनी डबघाईला आली आणि तिची मालमत्ता एन्व्हिडियाने घेतली. २००४मध्ये जीफोर्स ६ मालिकेबरोबर एन्व्हिडियाने दोन कार्डं जोडण्याचं हे तंत्र एसएलआय नावाने नव्याने आणलं, २००५मध्ये एटीआयने तसंच क्रॉसफायर आणलं. त्या काळात बाजारातलं सर्वांत महागडं कार्डही नव्या गेमला कमी पडायचं, तेव्हा हौशी माणसाने दोन कार्डं लावण्यात तथ्य होतं. पण वीस वर्षांपूर्वीचं तथ्य आजच्या खरेदीचा आधार कसं होईल?

पहिला प्रश्न अगदी साधा आहे: तुमच्याकडे असलेलं कार्ड दुसऱ्या कार्डाशी जोडता तरी येतं का? हा प्रश्न सल्ला देणारे कधीच विचारत नाहीत. २०१६चं जीटीएक्स १०६० घराघरांत पोचलं होतं. त्यावर दोन कार्डं जोडणारा एसएलआयचा ब्रिज बसवायला जागाच नाही. जीटीएक्स १६६०वर नाही, आरटीएक्स २०६०वर नाही. ३० मालिकेत ३०६०, ३०७०, ३०८० यांपैकी एकावरही नाही. ती सोय फक्त ३०९० आणि ३०९० टीआय या सर्वांत महाग कार्डांना होती. २०२२मध्ये ४०९० आलं आणि तिथूनही ती गेली. एटीआय विकत घेतलेल्या एएमडीने २०१९च्या आरएक्स ५७०० मालिकेपासून क्रॉसफायर सोडून दिलं. म्हणजे आज कुणी आरटीएक्स ३०६०च्या मालकाला दुसरं ३०६० घ्यायला सांगत असेल, तर गेम खेळताना ते दुसरं कार्ड निव्वळ बसून राहणार आहे. हा सल्ला आहे की फसवणूक?

ज्या थोड्या जुन्या कार्डांना जोडणी चालते, त्यांचीही वाट बंद झाली आहे. एसएलआय आपोआप चालत नाही. दोन कार्डांत काम कसं वाटायचं याची प्रत्येक गेमसाठी वेगळी प्रोफाइल लागते, आणि ती एन्व्हिडियाचे इंजिनिअर ड्रायव्हरमध्ये घालत असत. सप्टेंबर २०२०मध्ये एन्व्हिडियाने जाहीर केलं, की १ जानेवारी २०२१पासून आरटीएक्स २० आणि त्याआधीच्या मालिकांसाठी नव्या प्रोफाइल येणार नाहीत. यापुढे ज्या गेमने स्वतः सोय केली असेल तिथेच दुसरं कार्ड चालेल. दोन-दोन कार्डं खपवण्यात ज्या कंपनीचा सर्वांत जास्त फायदा होता, तिनेच दुकान आवरलं. मग आपल्या गल्लीतल्या जाणकारांना असं काय ठाऊक आहे, जे एन्व्हिडियाला कळलं नाही?

आता दुसऱ्या स्लॉटची गोष्ट. स्लॉट लांब आहे म्हणजे त्यातून पूर्ण वेगाने माहिती वाहते, असा समज पक्का बसलेला आहे. प्रत्यक्षात साधारण डेस्कटॉप प्रोसेसरकडे ग्राफिक्स कार्डासाठी १६ लेन असतात. महागड्या बोर्डांवर त्या दोन स्लॉटांत आठ-आठ वाटता येतात. मधल्या किमतीच्या बहुतेक बोर्डांवर दुसरा स्लॉट दिसायला तेवढाच लांब असतो, पण त्यात चारच लेन जोडलेल्या असतात, आणि त्याही प्रोसेसरकडून थेट न येता चिपसेटमार्गे येतात. एसएलआयला प्रत्येक कार्डामागे किमान आठ लेन लागत. आपल्याकडे प्रचंड खपलेले बी४५०सारखे बोर्ड इथेच बाद होतात. त्या स्लॉटात कॅप्चर कार्ड लावा, नेटवर्क कार्ड लावा, जास्तीची एसएसडी लावा. तो त्यासाठीच आहे. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये हे सगळं छापलेलं असतं. दुसरं कार्ड गळ्यात मारण्यापूर्वी ते पान उघडून दाखवायला दोन मिनिटंही लागत नाहीत. मग ते दाखवत का नाहीत?

मेमरीची बेरीज तर सरसकट चुकीची आहे. चार अधिक चार आठ हे गणित शाळेत बरोबर असलं, तरी गेममधल्या दोन कार्डांच्या बाबतीत ते लागू पडत नाही. दोन्ही कार्डांना तोच प्रसंग रंगवायचा असतो. त्याच भिंती, तीच झाडं, तेच पोत. म्हणून सगळा मजकूर दोन्ही मेमरींमध्ये जसाच्या तसा भरावा लागतो. चार जीबीची दोन कार्डं लावली तरी गेमला वापरायला चारच जीबी मिळतात. आजच्या गेममध्ये जुनी कार्डं अडखळतात त्याचं एक मोठं कारण मेमरी कमी पडणं हेच आहे. म्हणजे ज्या दुखण्यासाठी अपग्रेड करायचं, त्याच दुखण्यावर दुसरं कार्ड काडीचाही उपाय करत नाही.

आता त्यांचं ब्रह्मास्त्र: बेंचमार्क. दोन कार्डांत काम वाटण्याची सर्रास वापरली गेलेली पद्धत अशी, की एक फ्रेम पहिल्या कार्डाने काढायची, पुढची दुसऱ्याने. एका कार्डाला एक फ्रेम काढायला ३३ मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला ३० फ्रेम मिळतात. दोन कार्डांनी आलटून-पालटून काढल्या की सरासरी ६०वर जाते. कागदावर वेग दुप्पट. पण दोन तव्यांवर भाकऱ्या टाकल्या म्हणून एक भाकरी लवकर भाजून होत नाही. तुम्ही माउस हलवला आणि त्याचा परिणाम ज्या फ्रेममध्ये दिसायचा, ती फ्रेम तयार व्हायला पूर्वीइतकेच ३३ मिलिसेकंद लागतात. शूटर गेममध्ये जीव ज्या उशिराने जातो, तो उशीर दुसऱ्या कार्डाने कमी होत नाही. पडद्यावरचा आकडा ६० दाखवतो आणि हाताला मात्र ३०चाच अनुभव येतो.

त्यातही या फ्रेम सारख्या अंतराने आल्या तर ठीक. बहुतेकदा त्या तशा येत नाहीत. एक फ्रेम आल्यावर दुसरी ३ मिलिसेकंदांत येते, मग तिसरीसाठी ३० मिलिसेकंद थांबावं लागतं. सरासरी तीच ६०, पण डोळ्यांना दिसतो तो झटका. याला मायक्रोस्टटर म्हणतात, आणि हे कुणाच्या मनाचे खेळ नाहीत. टेक रिपोर्ट या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन यांनी २०११मध्ये सरासरी बाजूला ठेवून प्रत्येक फ्रेमला लागणारा वेळ मोजायचा आग्रह धरला. २०१३मध्ये एन्व्हिडियाने एफकॅट नावाची साधनं खुली केली. त्यात प्रत्येक फ्रेमच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी उमटवतात, मॉनिटरकडे जाणारा सिग्नल रेकॉर्ड करतात आणि कोणता रंग पडद्याच्या किती ओळी टिकला ते मोजतात. क्रॉसफायरच्या जोड्यांमध्ये काही फ्रेम पडद्यावर इन-मीन चार-दोन ओळींपुरत्या उमटल्याचं त्यात दिसलं. बेंचमार्क त्यांनाही अख्खी फ्रेम म्हणून मोजत होता. त्याच वर्षी एएमडीने एकाच कार्डावर दोन चिप बसवलेलं रेडिऑन एचडी ७९९० हे ९९९ डॉलरचं कार्ड विकायला आणलं होतं. फ्रेममधलं अंतर सांभाळणारा ड्रायव्हर त्यानंतर ऑगस्टमध्ये आला. आकडे खोटे नव्हते, पण खेळणाऱ्याला काय दिसतं हे ते आकडे मोजतच नव्हते. हे जाहीर होऊन एक तप उलटलं, तरी तीच सरासरी आजही पुरावा म्हणून नाचवली जाते.

गेम बनवणाऱ्यांवर आळसाचा आरोप करणाऱ्यांनी गेम कसे बदलले ते पाहावं. आजच्या गेममध्ये कडा गुळगुळीत करण्यासाठी टीएए वापरतात. ते आधीच्या फ्रेमचं चित्र घेऊन त्यावर नव्या फ्रेमचं काम करतं. कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणारं डीएलएसएस आधीच्या फ्रेमवरच उभं आहे. पाण्यातली प्रतिबिंबं, सावल्या, प्रकाश, सगळीकडे मागच्या फ्रेममधली माहिती पुढे वापरली जाते. आता एक फ्रेम या कार्डावर आणि पुढची त्या कार्डावर काढायची, तर प्रत्येक वेळी आधीच्या फ्रेमचा ढीगभर मजकूर एका कार्डाकडून दुसऱ्याकडे न्यावा लागतो, आणि तो पोचेपर्यंत दुसरं कार्ड थांबून राहतं. म्हणजे वाटणीने वाचवलेला वेळ ने-आण करण्यातच जातो. ज्या तंत्रांमुळे एकच कार्ड आज इतकं सुंदर चित्र काढू शकतं, त्याच तंत्रांमुळे दोन कार्डांची जोडी निकामी झाली. यात आळस कुणाचा?

आणि संधी दिली गेली नाही असंही नाही. डायरेक्टएक्स १२ हे २०१५मध्ये विंडोज १०बरोबर आलं, तेव्हा वेगवेगळी कार्डं गेमने स्वतः एकत्र वापरायची सोय त्यात होती. ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी या गेमने तर एएमडी आणि एन्व्हिडियाची कार्डं एकाच पीसीत एकत्र चालवून दाखवली. त्यानंतर स्ट्रेंज ब्रिगेड, शॅडो ऑफ द टूम रेडर, रेड डेड रिडेम्प्शन २ अशा मोजक्या गेमनी ही सोय केली. मग गाडी थांबली. दोन कार्डंवाले खेळाडू मूठभर आणि काम डोंगराएवढं. कुठला स्टुडिओ त्यासाठी माणसं बसवेल? ‘उद्या सपोर्ट येईल’ हे वाक्य २०१५पासून ऐकतोय. दहा वर्षांत जो उद्या आला नाही, त्याच्या भरवशावर आज पैसे कसे घालायचे?

कॅबिनेटच्या आत काय होतं ते पुण्यात ओळखीच्या एका मुलाकडे पाहिलं. त्याच्याकडे एक जीटीएक्स १०८० होतं. दुकानदाराच्या सांगण्यावरून त्याने दुसरं सेकंडहँड १०८० घेतलं, ब्रिज शोधून आणला आणि आधीची पॉवर सप्लाय काढून ८५० वॉटची बसवली. वरच्या कार्डाचे पंखे खालच्या कार्डाच्या पाठीला भिडलेले, मधे जेमतेम बोटभर फट. वरच्या कार्डाला ताजी हवा ओढायला जागाच उरली नव्हती. त्याने नुकताच घेतलेला एक गेम चालू केला आणि पडद्याच्या कोपऱ्यात आकडे लावले. पहिलं कार्ड: वापर ९९ टक्के, तापमान ८३ अंश, वेग घसरलेला. दुसरं कार्ड: वापर ० टक्के. दुसऱ्या कार्डाने गेममध्ये काही भर घातली नव्हती, वर पहिल्याची हवा अडवून त्याला आधीपेक्षा मंद केलं होतं. मूळ एकट्या कार्डावर हाच गेम जास्त नीट चालला असता. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

आणि समजा, दुसरं कार्ड एखाद्या जुन्या गेममध्ये चाललंच. १०८० हे १८० वॉटचं कार्ड. जोडीचे झाले ३६०. २०२३चं आरटीएक्स ४०६० हे ११५ वॉटमध्ये एकट्या १०८०पेक्षा उघड वेगवान आहे, आणि तो वेग प्रत्येक गेममध्ये मिळतो. दोन्हींतला फरक २४५ वॉटचा. रोज चार तास खेळलं तर महिन्याला सुमारे २९ युनिट वीज नुसती उष्णता होऊन खोलीत पसरते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना हे २४५ वॉट बंद खोलीत सोसणं म्हणजे काय, ते तिथल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. नवी पॉवर सप्लाय, जास्तीचे पंखे, ब्रिज, दरमहा विजेचं बिल: स्वस्त म्हणून घेतलेल्या दुसऱ्या कार्डाची खरी किंमत या सगळ्याची बेरीज करून सांगा, मग स्वस्त-महागाचं बोलू.

सेकंडहँड कार्डाचा इतिहासही कुणी सांगत नाही. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगांनी बाजारात आली. लॅमिंग्टन रोडपासून नेहरू प्लेसपर्यंत ती पुसून-पासून विकली गेली, बहुतेक वॉरंटीशिवाय. एक कार्ड घेताना ही जोखीम एकदा पत्करावी लागते. जोडी जमवायची तर तीच जोखीम पुन्हा घ्यायची, आणि तीही वय झालेल्या मॉडेलवर.

वय झालेलं हा शब्द मोजून वापरतो आहे. जुनं कार्ड नुसतं मंद नसतं. नव्या गेमला लागणारे भागच त्यात नसतात. २०२४च्या डिसेंबरमध्ये आलेला इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि २०२५चा डूम: द डार्क एजेस या दोन्ही गेमना हार्डवेअर रे ट्रेसिंग असलेलं कार्ड लागतंच. जीटीएक्स १०८० टीआय एक लावा, दोन लावा, नाही म्हणजे नाही. शिवाय जीटीएक्स १० मालिकेसाठी नव्या गेमांचे ड्रायव्हर देणं एन्व्हिडियाने ऑक्टोबर २०२५मध्ये थांबवलं. जे दार पहिल्या कार्डाला बंद आहे, ते तसलंच दुसरं कार्ड आणून कसं उघडेल?

अलीकडे या मंडळींनी नवा मुद्दा काढला आहे: लॉसलेस स्केलिंगसारखा प्रोग्राम वापरून मुख्य कार्डावर गेम चालवायचा आणि दुसऱ्या कार्डाकडून मधल्या फ्रेम तयार करून घ्यायच्या. हे चालतं, यात वाद नाही. घरात जुनं कार्ड पडून असेल, बोर्ड आणि पॉवर सप्लाय झेपत असेल, तर खुशाल करून पाहा. पण त्यासाठी पैसे मोजून दुसरं कार्ड घ्या असं सांगणं हा वेगळा प्रकार आहे. मधली फ्रेम बनवायला पुढची खरी फ्रेम हातात असावी लागते, म्हणजे ती खरी फ्रेम तेवढा वेळ रोखून धरावी लागते. चित्र गुळगुळीत दिसतं आणि हाताला मिळणारा प्रतिसाद उशिरा येतो. गेमचं गणित मुख्य कार्डच करतं. ते सेकंदाला ३० खऱ्या फ्रेम देत असेल तर खऱ्या फ्रेम ३०च राहतात. ज्यांना वेग हवा आहे त्यांना वेगाचा भास विकू नका.

राहता राहिला एक वर्ग: ब्लेंडरमध्ये ॲनिमेशन रेंडर करणारे, घरी एआय मॉडेल चालवणारे. त्यांना दोन कार्डांचा खरा उपयोग होतो, कारण तिथे काम तुकड्यांत वाटता येतं आणि पडद्यावर पुढच्या फ्रेमची कुणी डोळे लावून वाट पाहत नसतं. पण त्यांच्या नावावर गेमरला दुसरं कार्ड विकणं हा सरळ सरळ बुद्धिभेद आहे. प्रश्न गेमिंगचा आहे, उत्तरही गेमिंगचंच द्या.

ते उत्तर असं आहे. जुनं कार्ड आजच विका; जो भाव येतोय तो सहा महिन्यांनी आणखी खाली येणार आहे. त्यात दुसऱ्या कार्डासाठी, ब्रिजसाठी आणि मोठ्या पॉवर सप्लायसाठी बाजूला काढलेले पैसे घाला. त्या रकमेत बसणारं, तुमच्या मॉनिटरच्या रिझोल्यूशनला पुरणारी मेमरी असलेलं, वॉरंटीचं एकच कार्ड घ्या. पैसे कमी पडत असतील तर तीन महिने थांबा, पण तीच रक्कम दुसऱ्या स्लॉटात पुरू नका. ते एक कार्ड प्रत्येक गेममध्ये चालेल, पहिल्या दिवसापासून चालेल, आणि त्यासाठी कुणाच्या प्रोफाइलची वाट पाहावी लागणार नाही.

आणि जे अजूनही पोरांना “आणखी एक लाव” म्हणून सांगतात, त्यांनी एक करावं: असा सल्ला देण्याआधी कार्डाचं मॉडेल विचारावं, बोर्डाचं मॅन्युअल उघडावं आणि गेल्या वर्षभरात आलेला एक तरी गेम दोन कार्डांवर चालवून दाखवावा. दाखवता येत नसेल तर गप्प बसावं. गेमिंगसाठी दोन कार्डांचा काळ संपला आहे. हा माझा अंदाज नाही, ती कार्डं बनवणाऱ्या कंपन्यांचा जाहीर निर्णय आहे. म्हणून पुन्हा एकदा, कुठलीही पळवाट न ठेवता सांगतो: पैसे कमी असोत वा जास्त, पीसी जुना असो वा नवा, गेम खेळायचे असतील तर एकच कार्ड घ्या आणि परवडेल तेवढं चांगलं घ्या.